कोर्टात निरुपयोगी म्हणून हिणवलेल्या बल्बने जगाला आवाज दिला: ली डी फॉरेस्टची गोष्ट

हेडफोनवर मन लावून गाणी ऐकणाऱ्या मंडळींमध्ये गेल्या काही वर्षांत एक छोटी वस्तू चांगलीच लोकप्रिय झाली आहे. तिचं नाव ट्यूब हायब्रिड हेडफोन ॲम्प्लिफायर. मुठीत मावेल किंवा फार तर विटेएवढी होईल अशी धातूची पेटी, पुढे आवाजाचं बटण, हेडफोन लावायची खोबण आणि वर डोकं काढून बसलेली एक काचेची नळी. आपल्याकडे जुने लोक तिला व्हॉल्व्ह म्हणतात.

पेटी चालू केली की लगेच आवाज येत नाही. आधी नळीतली तार तापून लालसर होते आणि वीस-तीस सेकंदांनी गाणं सुरू होतं. ऐकणाऱ्यांचा अनुभव साधारण सारखाच असतो. गाणाऱ्याचा आवाज जरा भरदार आणि जवळचा वाटतो, झांजांचा कर्कशपणा थोडा कमी होतो, ढोलाचा ठोका किंचित सैल पडतो. नळीला बोटाने टिचकी मारली तर ती टिचकी घंटीसारखी कानात ऐकू येते. फार नाजूक इअरफोन लावला तर मागे बारीकशी खरखर जाणवते.

सव्वाशे वर्षं होत आली तरी ही नळी अजून बाजारात विकली जाते. तिच्या आत जी रचना आहे ती १९०६ साली एका माणसाने केली. गंमत अशी की ती नेमकी कशी चालते हे त्या माणसाला नीट कळलंच नव्हतं. त्याच नळीपायी तो तुरुंगात जाता जाता वाचला, श्रीमंत झाला, कंगाल झाला आणि वीस वर्षं कोर्टात भांडला. त्या माणसाचं नाव ली डी फॉरेस्ट.

वाळीत टाकलेलं घर

ली डी फॉरेस्टचा जन्म २६ ऑगस्ट १८७३ रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कौन्सिल ब्लफ्स या गावी झाला. वडील हेन्री स्विफ्ट डी फॉरेस्ट हे पाद्री. ली सहा वर्षांचा असताना वडिलांनी अलाबामा राज्यातल्या टॅलाडेगा कॉलेजचं अध्यक्षपद स्वीकारलं.

हे कॉलेज गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी काढलेलं होतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून जेमतेम चौदा वर्षं झाली होती आणि दक्षिणेतल्या गोऱ्या लोकांच्या मनातला राग ताजा होता. काळ्या मुलांना शिकवायला उत्तरेकडून आलेल्या या गोऱ्या कुटुंबाशी गावातले गोरे लोक संबंध ठेवत नसत. आपल्या भाषेत सांगायचं तर घर वाळीत पडलेलं होतं.

त्यामुळे लीला सोबती कमी मिळाले. पुस्तकं आणि यंत्रांची चित्रं हाच त्याचा विरंगुळा झाला. मुलाने आपल्यासारखं धर्मोपदेशक व्हावं अशी वडिलांची इच्छा होती, पण मुलाने शोध लावायचे हे लहानपणीच ठरवून टाकलं होतं. अखेर वडिलांनी माघार घेतली आणि मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन शाळेतून ली येल विद्यापीठात पोहोचला. येलमध्ये डी फॉरेस्ट आडनावाच्या विद्यार्थ्यांसाठी एक जुनी शिष्यवृत्ती होती, ती त्याला मिळाली. तरी पैशांची चणचण कायम राहिली. १८९६ साली तो पदवीधर झाला आणि त्याच वर्षी वडील वारले.

१८९९ साली त्याने येलमधूनच पीएच.डी. मिळवली. विषय होता समांतर तारांच्या टोकांवरून रेडिओ लहरी कशा परावर्तित होतात. तेव्हा त्यांना हर्ट्झच्या लहरी म्हणत. इटलीचा मार्कोनी बिनतारी संदेशांमुळे जगभर गाजत होता. आपण अमेरिकेचा मार्कोनी व्हायचं, ही इच्छा या तरुणाच्या डोक्यात पक्की बसली होती.

गॅसच्या दिव्याने चकवलं

पीएच.डी. झाल्यावर डी फॉरेस्ट शिकागोला गेला आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत नोकरीला लागला. दिवसा नोकरी, रात्री खोलीवर स्वतःचे प्रयोग. त्याला हवं होतं एक चांगलं डिटेक्टर, म्हणजे हवेतून आलेली अगदी क्षीण रेडिओ लहर पकडून हेडफोनमध्ये ऐकवणारं साधन.

१९०० साली एका रात्री त्याच्या लक्षात आलं, की खोलीत विजेची ठिणगी पाडली की भिंतीवरच्या गॅसच्या दिव्याचा उजेड बदलतो. ठिणगीतून रेडिओ लहरी निघतात हे त्याला माहीत होतं. म्हणजे तापलेल्या गॅसला रेडिओ लहर जाणवते, असा अर्थ त्याने काढला.

अर्थ चुकीचा होता. दिवा हलत होता तो ठिणगीच्या कडकडाटाने, आवाजाच्या धक्क्याने. हे पुढे त्यालाही समजलं. पण तापलेल्या गॅसची कल्पना त्याने सोडली नाही. पुढची सहा वर्षं तो ज्योतींपासून सुरुवात करून शेवटी काचेच्या बल्बपर्यंत आला, आणि बल्बमध्ये थोडा गॅस उरलेला असायलाच हवा, हे मत त्याने कायम धरून ठेवलं. चुकीच्या पायवाटेने चालत चालत माणूस बरोबर गावी पोहोचावा, तसं हे झालं.

शेअरचा बाजार आणि पहिला दणका

दरम्यान त्याची गाठ अब्राहम व्हाइट नावाच्या माणसाशी पडली. व्हाइट शेअर विकण्यात पटाईत होता. १९०२ साली दोघांनी मिळून अमेरिकन डी फॉरेस्ट वायरलेस टेलिग्राफ कंपनी काढली. १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात या कंपनीचा उंच मनोरा उभा राहिला. लोक मान वर करून बघायचे आणि शेअर घ्यायचे.

कंपनीचा मुख्य धंदा संदेश पाठवण्याचा नसून शेअर विकण्याचा आहे, हे हळूहळू उघड होऊ लागलं. त्यातच कंपनी जे डिटेक्टर वापरत होती त्यावर रेजिनाल्ड फेसेंडेन या दुसऱ्या संशोधकाचं पेटंट होतं. फेसेंडेन कोर्टात गेला आणि १९०६ साली निकाल डी फॉरेस्टविरुद्ध लागला. वर्षाच्या शेवटी डी फॉरेस्टला स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडावं लागलं. हातात आले एक हजार डॉलर. त्याच्या एका काचेच्या बल्बचे हक्क मात्र कंपनीने त्याच्याकडेच राहू दिले, कारण त्यात कोणालाच काही दम दिसत नव्हता.

एक वाकडी तार

आता तो बल्ब समजून घेऊ, कारण गोष्टीचा सगळा जीव त्यात आहे.

१९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंगने एक व्हॉल्व्ह बनवला होता. निर्वात काचेच्या बल्बमध्ये एक तार, म्हणजे फिलामेंट, आणि तिच्यासमोर धातूची एक पट्टी, म्हणजे प्लेट. फिलामेंट तापलं की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि प्लेटकडे जातात. उलट दिशेने जात नाहीत. म्हणजे वीज एकाच दिशेने वाहते. या दोन भागांच्या नळीला डायोड म्हणतात.

डी फॉरेस्टचा पहिला बल्ब बराचसा असाच होता. पण १९०६ च्या अखेरीस त्याने फिलामेंट आणि प्लेट यांच्या मधोमध तिसरी वस्तू बसवली. नागमोडी वाकवलेली एक बारीक तार. तिला त्याने ग्रिड म्हटलं. हा बल्ब त्याच्यासाठी न्यूयॉर्कच्या मॅकँडलेस नावाच्या दिवे बनवणाऱ्याने तयार करून दिला होता. या उपकरणाला नाव मिळालं ऑडिऑन. २९ जानेवारी १९०७ रोजी पेटंटचा अर्ज गेला आणि १८ फेब्रुवारी १९०८ रोजी पेटंट मिळालं.

ग्रिड काय करतं? शेताच्या पाटाला बसवलेली फळी डोळ्यांसमोर आणा. पाटातून भरपूर पाणी वाहतंय. फळी बोटभर खाली-वर केली की पाण्याचा लोंढा कमी-जास्त होतो. फळी हलवायला जोर थोडा लागतो, पण त्यामुळे बदलणारं पाणी मात्र खूप असतं. ग्रिडचं काम तसंच आहे. ग्रिडवर अगदी छोटा विजेचा दाब बदलला की फिलामेंटकडून प्लेटकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचा लोंढा त्याच चालीने, पण मोठ्या प्रमाणात बदलतो. म्हणजे क्षीण सिग्नल आत द्यायचा आणि तोच मोठा होऊन बाहेर घ्यायचा. यालाच ॲम्प्लिफिकेशन म्हणतात. आज तुमच्या कानात वाजणाऱ्या प्रत्येक आवाजामागे ही क्रिया कुठेतरी झालेली असते.

पण १९०७ साली हे डी फॉरेस्टला असं स्पष्ट दिसत नव्हतं. त्याच्या लेखी ऑडिऑन हे मुख्यतः रेडिओ लहर पकडणारं साधन होतं आणि ते बल्बमधल्या गॅसमुळे चालतं असं तो मानत होता. गॅस उरल्यामुळे प्रत्येक ऑडिऑन वेगळा वागायचा. एक चांगला चालायचा, दुसरा नुसता खरखरायचा. दाब जरा वाढवला की आत निळसर प्रकाश पडून आवाज बिघडायचा. हातात सोनं होतं, पण त्यावर कचरा साचला होता आणि धन्याला वाटत होतं की झळाळी कचऱ्याचीच आहे.

कारूसोचा आवाज आणि बंदरातले हेडफोन

डी फॉरेस्टला संगीताचं, विशेषतः ऑपेराचं वेड होतं. विद्यार्थिदशेत खिशात पैसे नसताना तो नाट्यगृहाच्या स्वस्तातल्या जागांवरून ऑपेरा ऐकायचा. त्यामुळे इतर संशोधक बिनतारी संदेशाचा विचार टेलिग्राफच्या कट्ट-कडकट्टच्या भाषेत करत असताना, याच्या डोक्यात एक वेगळीच गोष्ट आली. हवेतून संगीत पाठवायचं आणि ते एकाने नाही, हजारोंनी घरबसल्या ऐकायचं.

१९०७ साली त्याने नवी रेडिओ टेलिफोन कंपनी काढली. १९०८ साली नोरा स्टँटन ब्लॅच हिच्याशी लग्न करून तो युरोपला गेला आणि मधुचंद्राच्या त्या प्रवासातच आयफेल टॉवरवरून ग्रामोफोनच्या तबकड्या वाजवून त्याने त्या प्रक्षेपित केल्या. नोरा स्वतः कॉर्नेल विद्यापीठातून सिव्हिल इंजिनिअर झालेली होती आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांची नात होती. तिने काम सोडून घर सांभाळावं असं नवऱ्याला वाटत होतं, तिला ते मान्य नव्हतं. मुलगी झाल्यानंतर दोघं वेगळे झाले आणि १९११ साली घटस्फोट झाला. डी फॉरेस्टने आयुष्यात एकूण चार लग्नं केली.

१३ जानेवारी १९१० रोजी त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमधून थेट कार्यक्रम हवेत सोडला. रंगमंचावर त्या काळचा सर्वांत गाजलेला गायक एन्रिको कारूसो होता. ऐकणारे होते बंदरातल्या जहाजांवरचे रेडिओ ऑपरेटर, काही हौशी लोक आणि मुद्दाम बोलावलेले पत्रकार. सगळ्यांच्या कानाला हेडफोन. आवाज तुटक येत होता, मध्येच दुसऱ्यांचे संदेश घुसत होते आणि बऱ्याच जणांना गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू आली.

विशेष म्हणजे हा कार्यक्रम पाठवायला ऑडिऑन वापरलेला नव्हता. विजेच्या आर्कवर चालणारं वेगळं ट्रान्समीटर होतं. आपला बल्ब आवाज मोठा करू शकतो आणि रेडिओ लहर निर्माणही करू शकतो, हे तेव्हा त्याला माहीतच नव्हतं. उत्तर कपाटात पडून होतं आणि मालक दुसरीकडे शोधत होता.

आरोपीच्या पिंजऱ्यात

पुढच्याच वर्षी ही कंपनीही बुडाली. डी फॉरेस्ट कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे फेडरल टेलिग्राफ कंपनीत पगारी नोकर म्हणून रुजू झाला. तिथे हर्बर्ट व्हॅन एटन आणि चार्ल्स लॉगवूड हे दोन सहकारी त्याला मिळाले. १९१२ च्या उन्हाळ्यात तिघांनी एका ऑडिऑनचा आवाज दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात सोडून पाहिला. हेडफोनमध्ये आवाज पायरी पायरीने वाढत गेला. कागदावरून चालणाऱ्या माशीची पावलंही ऐकू आली, अशी आठवण सांगितली जाते. साखळी लावलेला ॲम्प्लिफायर इथे प्रत्यक्ष तयार झाला.

पण त्याच सुमारास जुनी पापं दारात आली. बुडालेल्या कंपनीने शेअर विकताना टपालाद्वारे लोकांची फसवणूक केली, असा आरोप सरकारने ठेवला आणि डी फॉरेस्टला अटक झाली. १९१३ च्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये खटला उभा राहिला. सरकारी बाजूचं म्हणणं असं होतं, की कंपनीजवळ दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. होती ती या माणसाची पेटंटं, आणि त्यातला तो दिव्यासारखा दिसणारा विचित्र बल्ब तर काडीच्याही किमतीचा नाही.

निकाल लागला. डी फॉरेस्टच्या दोन सहकाऱ्यांना शिक्षा झाली. तो स्वतः निर्दोष सुटला. शेअर विकण्याच्या कारभारात त्याचा थेट हात होता हे पंचांना पटलं नाही. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. आपल्या नावावर लोक पैसे लावताहेत आणि ते बुडताहेत, हे त्याने दोन-दोन कंपन्यांत पाहिलं होतं. बुडालेल्यांमध्ये आयुष्याची पुंजी लावलेली साधी माणसंही होती.

काडीच्या किमतीच्या बल्बचे लाखो डॉलर

अमेरिकेची बेल टेलिफोन व्यवस्था चालवणारी एटी अँड टी कंपनी तेव्हा एका अडचणीत होती. तारेतून जाताना आवाज क्षीण होत जातो. त्यामुळे न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला फोनवर बोलणं शक्य नव्हतं. वाटेत कुठेतरी आवाज पुन्हा मोठा करणारं साधन हवं होतं.

ऑक्टोबर १९१२ मध्ये डी फॉरेस्टने आपला ॲम्प्लिफायर या कंपनीच्या इंजिनिअरांना दाखवला. त्यांच्यातल्या हॅरल्ड अर्नोल्डने बल्ब पाहताच ओळखलं, की गॅस हा या बल्बचा प्राण नसून रोग आहे. त्याने आतली हवा शक्य तितकी काढून टाकली, फिलामेंट सुधारलं आणि बेभरवशाचा ऑडिऑन एकदम शहाणा झाला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत अर्विंग लँगम्यूरही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आला.

१९१३ साली एक वकील डी फॉरेस्टकडे आला. खरा गिऱ्हाईक कोण ते त्याने सांगितलं नाही. टेलिफोनसाठी ऑडिऑन वापरण्याचे हक्क ५०,००० डॉलरना विकले गेले. त्यामागे एटी अँड टी होती. ती याच्या कितीतरी पट रक्कम द्यायला तयार झाली असती, हे डी फॉरेस्टला नंतर कळलं. १९१४ साली रेडिओचे हक्क ९०,००० डॉलरना आणि १९१७ साली उरलेले हक्क अडीच लाख डॉलरना गेले.

२५ जानेवारी १९१५ रोजी अलेक्झांडर ग्रॅहम बेल न्यूयॉर्कमधून सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या जुन्या सहकाऱ्याशी, थॉमस वॉटसनशी बोलले. समारंभपूर्वक झालेल्या त्या कॉलमधला आवाज वाटेत व्हॅक्यूम ट्यूब उचलून धरत होत्या. कोर्टात बल्बची हेटाळणी होऊन फार तर सव्वा वर्ष झालं होतं.

फ्लेमिंगच्या व्हॉल्व्हचे हक्क मार्कोनी कंपनीकडे होते. ती कंपनीही कोर्टात गेली होती. १९१६ साली निकाल लागला तो मजेशीर होता. ऑडिऑनने फ्लेमिंगच्या पेटंटचा भंग केला, पण ग्रिड डी फॉरेस्टचंच. म्हणजे एकमेकांच्या परवानगीशिवाय तीन भागांची नळी दोघांनाही बनवता येईना. पुढे पहिल्या महायुद्धात सरकारने पेटंटची भांडणं बाजूला सारली आणि लष्करासाठी नळ्यांचं मोठं उत्पादन सुरू झालं.

आर्मस्ट्राँगशी वीस वर्षांचं वैर

आता या गोष्टीतला सर्वांत कडू भाग.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग नावाचा विद्यार्थी होता. ऑडिऑन हातात आल्यावर त्याने तो नुसता वापरला नाही, मापून पाहिला. १९१२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याने प्लेटमधून बाहेर येणारा सिग्नल पुन्हा ग्रिडकडे फिरवला. तोच सिग्नल पुन्हा पुन्हा मोठा होऊन हेडफोनमध्ये दूरदूरची स्टेशनं मोठ्याने ऐकू येऊ लागली. आणखी पुढे गेलं की नळी स्वतःच रेडिओ लहर निर्माण करू लागायची. याला रिजनरेशन म्हणतात. १९१४ च्या शेवटी त्याने ऑडिऑन खरोखर कसा चालतो हे आलेखांसह छापून दाखवलं.

डी फॉरेस्टने दावा केला की ही गोष्ट आपल्याला ऑगस्ट १९१२ मध्येच सापडली होती. त्याच्याजवळ पालो आल्टोच्या वहीतली एक नोंद होती. टेलिफोनच्या कामात बल्बने शीळ घातल्याची ती नोंद. त्या शिळेचा अर्थ त्याला तेव्हा कळला होता का, हा खरा प्रश्न होता. दोन्ही बाजूंना बड्या कंपन्या उभ्या राहिल्या. आधी आर्मस्ट्राँग जिंकला, मग डी फॉरेस्ट. प्रकरण दोनदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९३४ साली अंतिम निकाल डी फॉरेस्टच्या बाजूने लागला.

कोर्टाने दिलं ते इंजिनिअरांनी मानलं नाही. रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने आर्मस्ट्राँगला याच शोधासाठी पूर्वी पदक दिलं होतं. निकालानंतर तो पदक परत करायला फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात गेला. संस्थेने ते घ्यायला नकार दिला आणि सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. इतिहासकारांचंही बहुतेक मत आर्मस्ट्राँगच्या बाजूचं आहे.

आर्मस्ट्राँगने पुढे एफएम रेडिओ शोधला. त्याच्या पेटंटवरून त्याला पुन्हा मोठ्या कंपन्यांशी लढावं लागलं आणि त्या लढाईत पैसा, तब्येत आणि संसार गमावून १९५४ साली त्याने आत्महत्या केली. डी फॉरेस्ट त्यानंतर सात वर्षं जगला. नळी एकाची, तिची समज दुसऱ्याची. दोघं एका टेबलाशी बसले असते तर काय झालं असतं, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

बोलपटाचा प्रयत्न

१९२० च्या सुमारास डी फॉरेस्टने सिनेमाकडे मोर्चा वळवला. आवाजाचं रूपांतर प्रकाशाच्या कमी-जास्त पट्ट्यांत करायचं आणि ते चित्रफितीच्या कडेलाच छापायचं. चित्र आणि आवाज एकाच फितीवर असल्याने दोन्ही जुळून राहणार. या पद्धतीला त्याने फोनोफिल्म म्हटलं. १५ एप्रिल १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये त्याने असे अठरा छोटे बोलपट दाखवले.

यातले महत्त्वाचे भाग थिओडोर केस या संशोधकाचे होते. श्रेय पुरतं मिळत नाही म्हणून केस वेगळा झाला आणि आपलं काम घेऊन फॉक्स कंपनीकडे गेला. मोठ्या स्टुडिओंनी डी फॉरेस्टला दाद दिली नाही आणि १९२६ साली फोनोफिल्म कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढच्याच वर्षी बोलपटांची लाट आली. फितीवर आवाज छापण्याची कल्पना अखेर जगभर रूढ झाली, पण डी फॉरेस्टच्या कंपनीला तिचा फायदा झाला नाही.

आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ झळकला आणि १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. या सगळ्या ठिकाणी आवाज मोठा करण्याचं काम काचेच्या नळ्याच करत होत्या. चावडीवरच्या किंवा माजघरातल्या ज्या रेडिओला लोक व्हॉल्व्हचा रेडिओ म्हणायचे, त्याच्या पोटात ऑडिऑनचेच वंशज होते.

शेवटची वर्षं

१९३० साली डी फॉरेस्टने मूकपटांतली अभिनेत्री मेरी मॉस्किनी हिच्याशी लग्न केलं. हे चौथं लग्न शेवटपर्यंत टिकलं. पैसा मात्र टिकला नाही. १९३६ साली तो दिवाळखोर झाला. डॉक्टरांना लागणारी डायथर्मी यंत्रं बनवण्यापासून टीव्हीवरच्या संशोधनापर्यंत त्याचे उद्योग चालूच राहिले. त्याच्या नावावर सुमारे १८० अमेरिकन पेटंटं आहेत.

१९४६ साली त्याने अमेरिकेतल्या रेडिओ कंपन्यांच्या संघटनेला उघड पत्र लिहिलं आणि जाहिराती व उथळ कार्यक्रमांनी रेडिओची नासाडी केल्याबद्दल झाडलं. घराघरांत ऑपेरा जावा म्हणून धडपडलेल्या माणसाची ती चीड होती. १९५० साली त्याने आत्मचरित्र लिहिलं आणि त्याच्या नावातच स्वतःला रेडिओचा जनक म्हणवून घेतलं. हा मान फेसेंडेन, मार्कोनी, आर्मस्ट्राँग अशा अनेकांमध्ये वाटला जायला हवा, हे बहुतेकांचं मत होतं.

तोवर काळही बदलला होता. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला. नळीचं काम करणारा, पण न तापणारा, न फुटणारा आणि शेंगदाण्याएवढा. डी फॉरेस्टने आपल्या डोळ्यांदेखत नळीचं राज्य उतरणीला लागलेलं पाहिलं. १९६० साली बोलपटातल्या कामासाठी त्याला मानद ऑस्कर मिळालं. ३० जून १९६१ रोजी हॉलिवूडमध्ये त्याचं निधन झालं. लाखो डॉलर हातातून गेलेल्या या माणसाच्या बँकेत तेव्हा सुमारे १,२५० डॉलर होते.

मग आज हेडफोनच्या पेटीत नळी कशाला?

ट्रान्झिस्टर इतका सोयीचा असताना नळी उरली कशी, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर कानात आहे.

कुठलाही ॲम्प्लिफायर मूळ आवाजात थोडी भेसळ करतो. ट्रायोड नळीची भेसळ मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची असते. म्हणजे मूळ सुराच्या जोडीला वरच्या सप्तकातला तोच सूर हलकासा मिसळतो. तानपुऱ्याच्या तारेतून षड्जाबरोबर तार षड्जही झिरपतो आणि आपल्याला तो खटकत नाही, उलट भरीव वाटतो. नळीचा ऊबदार आवाज म्हणतात तो बराचसा हाच. मोजणीच्या हिशोबाने तो दोष आहे, पण पुष्कळ कानांना तो गोड लागतो.

नळीची एक अडचण आहे. ती विजेचा दाब छान वाढवते, पण हेडफोन हलवायला लागणारा करंट तिला सहज देता येत नाही. त्यासाठी महागडा आणि जड ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो. स्वस्त हायब्रिड पेटीत यावर तोडगा काढलेला असतो. पहिली पायरी, म्हणजे दाब वाढवण्याचं काम नळीकडे. दुसरी पायरी, म्हणजे करंट पुरवण्याचं काम ट्रान्झिस्टर किंवा आयसीकडे. सुराला रंग नळीचा, ताकद ट्रान्झिस्टरची. १२एयू७ सारख्या नळीच्या एकाच काचेत दोन ट्रायोड असतात. एक डाव्या कानासाठी, एक उजव्या.

घेणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं. काही स्वस्त पेट्यांमध्ये नळीला फारच कमी दाब दिलेला असतो आणि तिच्याखाली रंगीत एलईडी बसवून उजेड पाडलेला असतो. तो उजेड नळीचा नव्हे. फिलामेंटचा खरा उजेड मंद, नारिंगी असतो. शिवाय हेडफोन, मूळ रेकॉर्डिंग आणि पेटीची जुळणी यांचा फरक नळीच्या फरकापेक्षा मोठा पडू शकतो. जुन्या गझला, नाट्यपदं, गाणाऱ्याचा आवाज पुढे असलेलं संगीत ऐकणाऱ्याला अशी पेटी जास्त आवडण्याची शक्यता आहे. जलद, ठोक्यांच्या संगीताला साधा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर बहुधा सरस ठरेल.

पेटी कुठलीही असो, त्या काचेच्या आत फिलामेंट आणि प्लेट यांच्यामध्ये बारीक तारेचं एक ग्रिड असतं. १९०६ साली डी फॉरेस्टने बसवलेली नागमोडी तार हाच त्या ग्रिडचा पूर्वज.